माया

टेप कमरेला लागली की बाई पोट आत घेते. अठराची असो नाहीतर साठीची. साताऱ्यात माची पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आईने पंचेचाळीस वर्षं ब्लाउज शिवले, आणि या नियमाला अपवाद म्हणून तिला दोनच बायका आठवतात. एक डोहाळजेवणासाठी ब्लाउज शिवायला आलेली, सातव्या महिन्यातली. दुसरीला गुदगुल्या होऊन हसू आवरत नव्हतं. बाकी सगळ्या श्वास रोखून, हनुवटी वर करून, फोटो काढायला उभं राहावं तशा उभ्या. आई त्यांना काही म्हणत नाही. टेप तशीच धरून ठेवते आणि विचारते, "मग, धाकट्याचं काय चाललंय?" बाई सांगायला तोंड उघडते, श्वास सुटतो, पोट आपल्या जागेवर येतं, आणि आई कानावरची पेन्सिल काढून आकडा लिहिते.

लहानपणी मला वाटायचं, आईला चांभारचौकशा करायची फार हौस आहे.

मापाच्या वह्या अजून आहेत. लाल कापडी पाठीच्या, लांबट, वाण्याच्या खतावणीसारख्या. एका पानावर एक बाई. नावाच्या जागी "पोस्टातल्या वहिनी", "कोपऱ्यावरच्या काकू", "दूधवाल्यांची थोरली सून". खाली उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा (काखेभोवतीचा घेर), बाही, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. नवीन माप आलं की जुन्यावर एकच आडवी रेघ. त्यामुळे एकेका पानावर एकेका बाईची वीस-तीस वर्षं वाचता येतात. पोस्टातल्या वहिनी १९८३ साली छाती ३०, कंबर २५. १९८६ ला ३४ आणि ३०, म्हणजे मुलगा झाला. १९९९ ला ३८. मग २०११ ला एकदम ३४, आणि शेजारी आईच्या बारीक अक्षरात, "मिस्टर गेले." शिवणाच्या दृष्टीने ही नोंद बिनकामाची आहे. तरी तिने ती केली.

आणि माया. शिवणकाम माहीत नसलेल्यांसाठी सांगते: ब्लाउजच्या दोन्ही कुशींना, शिवणीच्या आत, जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग सुटलं की शिवण उसवायची, मायेतलं कापड घ्यायचं, ब्लाउज पुन्हा अंगाला येतो. कारखान्यात शिवलेल्या कपड्यात ती जवळजवळ नसते. हजार नगांत प्रत्येकी इंचभर वाचवलं तर किती कापड वाचतं, हा सरळ हिशोब. आईकडे गिऱ्हाईक ब्लाउज घ्यायला आलं की अंगात घालून बघण्याआधी तो उलटा करायचं. "माया किती ठेवलीय?" दीड इंच म्हटलं की बाईचा जीव भांड्यात पडायचा. शरीर आहे, ते बदलणार, ही गोष्ट कापड बेततानाच धरलेली असे.

शरीराचा तेव्हा कुणी बाऊ करत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. दाखवायच्या कार्यक्रमात मुलीला उठून चालायला लावायचे, तेव्हा नजरा कुठे असायच्या ते घरातल्या सगळ्यांना कळायचं. लग्नाच्या जाहिरातीत "गोरी, सडपातळ" छापून यायचंच. माझ्या एका आत्याला "ढब्बू" म्हणत, आणि ती स्वतःच ते सांगून हसायची, ते हसू मला आजही आवडत नाही. पण टोमणा मारणारं माणूस ओळखीचं होतं आणि त्याचं स्वतःचं पोटही समोर दिसत होतं. आरसा म्हणाल तर घरात वीतभर, कुंकू लावण्यापुरता.

चित्रं आली ती आधी गळ्यांची. १९९४ साली माधुरी दीक्षितची ती जांभळी साडी आली, आणि त्या वर्षीच्या लग्नसराईत आईने तसा मोकळ्या पाठीचा ब्लाउज किती जणींना शिवून दिला याची मोजदाद नाही. बायका मासिकातलं कात्रण घडी घालून पर्समधून काढायच्या, इकडे तिकडे बघून दाखवायच्या. मग बाह्या आल्या, नाड्या आल्या, नाड्यांना लटकन आले. तोवर ठीक होतं. चित्रातला कपडा आपल्या मापात करून मागत होत्या. पुढे कधीतरी कात्रणातला कपडा मागे राहिला आणि आतली कंबरच मागायची पद्धत पडली.

ते नेमकं कधी झालं हे मला बऱ्यापैकी सांगता येतं, कारण मी त्यात होते. २००७ च्या दिवाळीत शाहरुख खानच्या पोटावरचे सहा चौकोन देशभर चर्चेत आले. २००८ मध्ये करीना कपूरची 'साइझ झिरो', म्हणजे काडीसारखी कंबर, आली. रविवारच्या पुरवण्यांना महिनोन्‌महिने दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा एकोणतीसची, मुलगी तीन वर्षांची, पोवई नाक्याजवळ एका ऑफिसात नोकरी. मामेबहिणीचं लग्न डिसेंबरात होतं. ऑफिसात एका झेरॉक्सच्या कागदावर डाएट फिरत होतं: पहिल्या दिवशी फक्त फळं, दुसऱ्या दिवशी फक्त भाज्या, चौथ्या दिवशी केळी आणि दूध. सात दिवसांत पाच किलो. त्या कागदावर कुणा डॉक्टरचं नाव नव्हतं, पण शाई गडद होती आणि मला तेवढं पुरलं.

सात दिवस संपले, मी थांबले नाही. सकाळी लिंबूपाणी, दुपारी दोन फुलके, सहानंतर काही नाही. सकाळ-संध्याकाळ अजिंक्यतारा. चार महिन्यांत अकरा किलो उतरले. आणि काय सांगू, इतकं कौतुक माझं बाळंतपणातही झालं नव्हतं. "कसली बारीक झालीस गं!" हे वाक्य मी दिवसातून तीनदा ऐकायचे आणि त्यावर जगायचे. आमच्या आजीच्या काळात हीच गोष्ट "सुकलीस गं!" अशी म्हणत, आणि पाठोपाठ ताटात तूप पडे. 'अंगाने भरली', 'बाळसं धरलं', 'खात्यापित्या घरची' हे सगळे चांगले शब्द होते. शब्दांची बाजू कधी पालटली ते मला कळलंच नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी फिजी बेटांविषयी वाचलं, तेव्हा आजीच आठवली. तिथेही अंगाने भरलेलं माणूस चांगलं मानत, आणि कुणाचं जेवण कमी झालं की घरचे काळजीने झाडपाल्याचं औषध करत. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तो आल्या आल्या शाळकरी मुलींना प्रश्न विचारले, आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, पुन्हा त्याच वयाच्या मुलींना तेच विचारले. बारीक होण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या खेपेला एकही सापडली नव्हती. दुसऱ्या खेपेला ११.३ टक्के. मुली सांगत होत्या की त्यांना मालिकेतल्या बायकांसारखं व्हायचं आहे. शेकडो वर्षांच्या समजुतीला तीन वर्षं पुरली. आमच्या ऑफिसात एक झेरॉक्स पुरली, म्हणून मी त्या मुलींना हसणार नाही.

त्या चार महिन्यांतली एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. रात्री सगळे झोपले की मी पुरवणीतल्या पाककृती कापायचे. पुरणपोळी, बिर्याणी, अमुक केक. एक जुनी डायरी त्यांनी भरली. खायचं तर नव्हतंच, करायचंही नव्हतं, नुसतं वाचायचं. मला वाटलं माझं डोकं फिरलंय. मग दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झालेला एक प्रयोग वाचनात आला. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण १,५७० कॅलरी. ती पोरं चिडचिडी झाली, थंडीने कुडकुडायला लागली, आणि त्यांतले काही जण स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागले. आधी ज्यांना चुलीशी देणंघेणं नव्हतं तेही रात्री पाककृती वाचत बसत. मी ते पान तीनदा वाचलं. आणि लक्षात घ्या, १,५७० ला त्यांनी उपासमार म्हटलं. आमच्या झेरॉक्सवरचं डाएट मला त्याहून कमीच वाटतं.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी अजिंक्यताऱ्याच्या चढावर, दरवाजाच्या खालच्या वळणावर, मी बसले ती उठलेच नाही. फिरायला आलेल्या एका अनोळखी काकांनी खिशातून कंदी पेढा काढून माझ्या तोंडात कोंबला. (सातारकराच्या खिशात पेढा असणं ही थट्टा नाही, ते खरंच पाहुण्यांकडे निघाले होते.) हिमोग्लोबिन निघालं ८.२. डॉक्टर म्हणाल्या, "बाई, तुमच्या वयाच्या निम्म्याहून जास्त बायका या देशात अशाच आहेत, पण त्यांना खायला मिळत नाही किंवा घरात शेवटी मिळतं. तुमचं काय कारण?" मी गप्प बसले. काय सांगणार, करीना कपूर?

त्या लग्नाचा ब्लाउज आईने शिवला होता. माझ्या नव्या मापाचा, छाती ३१, चापूनचोपून. फोटोत मी छान दिसते, आजही कबूल करते. पुढच्या वर्षी शरीराने सगळं परत घेतलं, वर तीन किलो व्याज. दिवाळीला तो ब्लाउज अंगात शिरेना, तेव्हा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, टाकून दे. आईने उलटा केला. दोन्ही कुशींना अडीच अडीच इंच माया होती. एवढी ती कुणाला ठेवत नसे. एका दुपारी उसवून तिने तो सारखा करून दिला. म्हणाली काहीच नाही. जुन्या शिवणीची बारीक भोकं रेशमावर अजून दिसतात, उजेडात धरलं तर.

आता घरात याच गोष्टीचा दुसरा भाग चालू आहे आणि नायक आहे माझा भाचा. वय अठरा, वजन ७१, कॉलेज इथेच, जेवायला आजीकडे. तो 'जेवतो' म्हणायचं फक्त. सकाळी आठ अंडी उकडतात, सातांचं पिवळं बाजूला. आईने पहिल्या दिवशी हाय खाल्ली. "आरं, कोंबडीनं काय नुसत्या पांढऱ्यासाठी अंडं दिलं का?" ते पिवळं गल्लीतल्या मांजराला जायला लागलं. दोन महिन्यांत भाच्याच्या अंगावर फारसा फरक दिसला नाही, मांजर मात्र बल्किंगला लागलं.

त्याच्या तोंडी सगळे तेच शब्द. चेस्ट डे, लेग डे, कटिंग (चरबी उतरवणं), बल्किंग (वजन वाढवणं), पंप, स्कूप. पावडरचा डबा बादलीएवढा आहे आणि त्याची किंमत त्याने आजीला अजून खरी सांगितलेली नाही. मी त्याला दाखवलं की हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या मार्गदर्शिकेत, शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी घेणं टाळा असं लिहिलंय. साध्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं. तुझ्या वजनाला साठ ग्रॅमच्या आतच झालं की. व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त लागत असेल, ते जास्तीचं आमटीत आहे, दाण्याच्या म्हाद्यात आहे, दह्यात आहे. तो म्हणाला, "मावशी, तू रील बघत नाहीस ना, म्हणून." वादच संपला.

रील मी बघितल्या, त्याच्याच फोनवर. एकदा त्याने खांदा दुखतो म्हणून व्यायाम शोधला होता. तेव्हापासून त्याच्या बोटाखालून दिवसभर छात्या वाहतायत. आपल्या गल्लीतलं, कॉलेजातलं, एस.टी. स्टँडवरचं एकही शरीर त्यात नाही. २०२१ मध्ये फेसबुकमधून बाहेर आलेल्या कागदांत त्यांच्याच लोकांनी लिहिलं होतं की शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणी इन्स्टाग्रामने ते आणखी वाईट केलं असं सांगतात. हा आकडा मुलींचा. मुलगे असं विचारून बोलत नाहीत. ते डबा विकत आणतात.

मुलग्यांचं हे दुखणं नवं नाही. बॉस्टनजवळच्या एका रुग्णालयातल्या हॅरिसन पोप या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक मजेशीर काम केलं. मुलांच्या खेळण्यातले सैनिक-बाहुले टेप लावून मोजले, आणि खऱ्या माणसाएवढे केले तर काय माप येईल ते काढलं. १९६४ च्या जी. आय. जो बाहुल्याचा दंड साधारण १२ इंच. नव्वदीतल्या त्याच्या एका अवताराचा जवळजवळ २७. हे मी आईला वाचून दाखवलं. टेप आणि दंडघेर म्हटल्यावर तिने काम थांबवून ऐकलं.

"सत्तावीस? आगं ती पोस्टातल्या वहिनींची पहिली कंबर आहे."

(खरं तर ती २५ होती, पण मी वाद घातला नाही.)

याच पोप यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं होतं: चांगली पिळदार शरीरं कमावलेली काही माणसं स्वतःला किडकिडीत समजतात, सैल कपडे घालून अंग झाकतात, जेवणाच्या वेळा चुकतील म्हणून नोकरी-नातेवाईक सोडतात. आरशासमोर तासन्‌तास. पूर्वी आरशासमोर रेंगाळलं की आम्हाला "नटवी" म्हणत. या पोरांना तेही कुणी म्हणत नाही, उलट त्यांच्या जिममध्ये चारही भिंतींना आरसे आहेत.

आमच्या मागच्या आळीत तात्या राहायचे. ऐन उमेदीत तालमीत होते. त्यांच्या तालमीत आरसा नव्हता, लाल मातीचा हौद होता आणि समोर शेंदूर लावलेला मारुती. अंग कसं दिसतंय हे कळायचं ते जोडीदाराने उचलून आपटल्यावर. तात्यांचे कान चुरगळलेले, पोट चांगलं मडक्यासारखं. सिक्स पॅकचं एकही लक्षण नाही, पण ऐंशीच्या घरात असताना गॅसचं सिलिंडर एका हाताने जिन्यावर न्यायचे. त्यांच्या तोंडी 'डाएट' नसे, 'खुराक' असे. बदाम, खारीक, तूप, थंडाई. खुराक हा शब्दच मुळी भरवणारा आहे, कुणीतरी आपल्याला घालतंय असा. वस्ताद पोराला खुराक घालतो. डाएट आपलं आपण, चोरून, आणि मोडलं तर अपराधी वाटून. अर्थात तात्यांचाही आदर्श घ्यावा असं नाही. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही, आणि पन्नाशीत साखरेने गाठलं. ते स्वतःच सांगायचे.

भाच्याला मी एकदा कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा फोटो दाखवला. १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गट. त्याने फोटो मोठा करून बघितला.

"हे तर बारीकच आहेत की, मावशी."

आज खाशाबा त्याच्या जिममध्ये गेले तर काउंटरवरचा पोरगा त्यांना वजन वाढवायचा डबा विकेल. मग मी माणमधल्या मोहीच्या ललिता बाबरचं सांगितलं. २०१६, रिओ, तीन हजार मीटर स्टीपलचेस. अठ्ठावीस अडथळे, सात वेळा पाण्यावरून उडी. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, आणि अंतिम फेरीत दहावी. दुष्काळी माणदेशातली मुलगी. तिचा फोटो त्याने नीट पाहिला, पण तिच्या पायांकडे नाही, बुटांकडे.

मी स्वतः पळते ते बघून कुणाला स्फूर्ती वगैरे येणार नाही. २०१२ पासून आमच्याकडे यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉन होते. मी दोनदा पूर्ण केली, दोन्हीदा शेवटच्या घोळक्यात. पहिल्या खेपेला चढावर माझ्या पुढे एक साठीचे गृहस्थ होते, टी-शर्टातून सुटलेलं पोट, एका लयीत. मी एकवीस किलोमीटर त्या पोटाला गाठायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

तर भाचा. मागच्या महिन्यात मित्राचा कॅमेरा आला म्हणून त्याने 'शूट' ठरवलं. दोन दिवस पाणी बंद, मीठ बंद. कातडी आकसते, शिरा वर येतात, असं कुणीतरी सांगितलेलं. पडद्यावर दिसणारी ती शरीरं अशीच काही तासांपुरती तयार होतात: पाणी तोडून, शॉटच्या आधी दंड-बैठका मारून स्नायू फुगवून, तेल लावून, प्रकाश बाजूने टाकून. दुसऱ्या दिवशी तो नटही तसा दिसत नसतो. आमच्या बहाद्दराला गच्चीवर पोटऱ्यांत गोळे आले आणि तो जिन्यातच आडवा झाला. सलाईनच्या दोन बाटल्या. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, फोटो आले का. आले होते. चांगलेच आले होते, आणि तीच पंचाईत आहे. माझाही लग्नातला फोटो चांगलाच आहे.

मी त्याला उपदेश केला नाही. डायरी दाखवली, पाककृतींची. त्याने चाळली, हसला, मग एका पानावर थांबला. "मावशी, मी पण बघतो. रात्री. ते पिझ्झे वगैरे करतात ना, ते व्हिडिओ." एवढंच बोलला आणि फोन उलटा ठेवला.

परवा त्याच्या चुलतबहिणीच्या लग्नासाठी कुर्ता हवा म्हणून आला. आई आता बाहेरचं काम घेत नाही. हल्ली येतात त्या बायका साडीखाली परकराऐवजी ते आवळून धरणारं शेपवेअर घालून येतात, माप द्यायला उभ्या राहतात तेव्हा नीट श्वासही घेता येत नाही, "मापू कुणाला, बाईला का रबराला?" असं म्हणून तिने दोन वर्षांपूर्वी पाटी उतरवली. पण नातवाला नाही कसं म्हणणार? टेप काढली. पहिल्यांदाच वहीत एका पुरुषाचं पान निघालं. टेप लागली मात्र, त्याने छाती फुगवली, पोट पाठीला चिकटवलं, मान ताठ.

आई टेप धरून उभी. "कॉलेजात काय म्हणतायत?"

त्याने नुसती मान हलवली. बोलला असता तर हवा गेली असती, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आई थांबली. ती त्र्याहत्तरची आहे, हात वर धरून उभं राहणं तिला आता जड जातं, तरी थांबली. स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली.

"आज्जी, आमटी कसली आहे?"

आईने पेन्सिल काढली, आकडा लिहिला. मग कापड पसरून खडूने आखायला बसली, आणि दोन्ही कुशींना दोन दोन इंच बाहेर रेघ मारली.

"एवढं कशाला सोडतेस? मी आता कट करणार आहे."

"बरं."

"किंवा बल्क. बघू."

"बरं म्हटलं ना. हात वर कर, मुंढा राहिला."